लहान गाळ्यात कामाची घडी बसवायची तर

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे. ठाणे-नवी मुंबईच्या या पट्ट्यातल्या आठ-दहा माणसांच्या मशीन शॉपमध्ये भाद्रपद लागला की दरवर्षी ठरलेली तारांबळ उडते. सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कारागीर, गणपतीला कोकणात जातो आणि त्याच्याबरोबर अर्धा कारखाना जातो. कोणत्या जॉबला कोणते पकड-जबडे, ऑफसेट (टूलची मापदुरुस्ती) किती द्यायचा, कोणत्या ग्राहकाला बर (कडेला राहिलेली धातूची धार) अजिबात चालत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. मालक फोन लावतो, पलीकडे आरती चालू असते आणि टाळांच्या गजरातून उत्तर येतं, "शेठ, तो प्रोग्राम जुन्या पार्टीच्या नावाने सेव्ह आहे बघा." होळीला आणि छठला हेच उत्तर प्रदेश-बिहारच्या ऑपरेटरांच्या बाबतीत घडतं.

यावर मालक साधारण दोनपैकी एक गोष्ट करतात. रजा नाकारतात, नाहीतर सल्लागार बोलावून आयएसओ ९००१ या गुणवत्ता प्रमाणपत्राची फाइल करून घेतात. पहिल्याने माणूस जातो, दुसऱ्याने कपाट भरतं. आयएसओला नावं ठेवायची नाहीत, मोठा ग्राहक मागतो तेव्हा ते लागतंच. पण दुसऱ्याच्या कारखान्याची पानं नाव बदलून चिकटवली तर मशीनवरचा माणूस ती कधी उघडून बघत नाही.

कामाची पद्धत टिकते ती दोन अटींवर. ती त्या कामाला रोज हात लावणाऱ्याने सांगितलेली असावी, आणि ती मोडणाऱ्यांत मालक पहिला नसावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन अटी पाळायच्या कशा, एवढ्यासाठीच आहेत. उदाहरण सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) जॉबवर्क करणाऱ्या गाळ्याचं घेतलं आहे, कारण तिथे चूक मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजता येते.

पहिली पायरी: परत आलेल्या मालाची वही

सगळा कारखाना एकदम सुधारायला जाऊ नका. एक शंभर पानी वही आणा आणि महिनाभर फक्त एवढं लिहा: तारीख, ग्राहक, पार्ट, किती नग परत आले किंवा गाळ्यातच बाद झाले, चूक काय होती, कोणत्या मशीनवर झाली, कोणाच्या लक्षात आली. "कोणी केली" हा रकाना ठेवायचा नाही. तो ठेवलात की वही दुसऱ्या आठवड्यापासून कोरी राहील आणि बाद झालेले जॉब चिपांच्या (धातूच्या कपच्यांच्या) पिंपात तळाशी सापडतील.

याच कारणासाठी दंडाचा विषयही आताच मिटवून टाका. पगारातून दंड किती कापता येतो याला कायद्याने मर्यादा आहे. एका पगार-कालावधीत त्याची एकूण रक्कम त्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त होता कामा नये, आणि दंड कशाबद्दल हे आधी जाहीर करून मंजूर करून घ्यावं लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. दंड लावणाऱ्या गाळ्यात चूक कमी होत नाही, चुकीची बातमी उशिरा कळते. सकाळी दहाला कळली तर चार नग जातात, ग्राहकाच्या दारात कळली तर सगळा लॉट जातो.

महिनाअखेरीला चहा घेऊन सगळ्यांबरोबर बसा आणि वहीतल्या चुका मोजा. बहुतेक ठिकाणी दिसेल की दोन-तीन पार्ट आणि दोन-तीन प्रकारच्या चुकाच पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. त्यातली सर्वात जास्त वेळा आलेली चूक घ्या. पुढचे काही आठवडे बाकी कशालाही हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: काम होताना उभं राहून बघा

केबिनमधून नाही आणि सीसीटीव्हीवरही नाही. मशीनशेजारी, वही-पेन घेऊन, तोच जॉब दोन वेगवेगळे ऑपरेटर कसा करतात ते बघा. आधी सांगून ठेवा की चूक शोधायला उभा नाही, पद्धत लिहून घ्यायला उभा आहे. त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवर हातांचा व्हिडिओ घ्या, चेहरा नको.

इथे घाई करू नका. या निरीक्षणात काय हाती लागतं त्याचा एक नमुना बघा. २५ मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक) आहे आणि ड्रॉइंगवर एच ७ ही मापाची मुभा सांगणारी खूण आहे. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मध्ये हवा, एकूण मुभा २१ मायक्रॉनची. दोघांचा प्रोग्राम एक, टूल एक, मशीनही एक. तरी एकाच्या पाळीतला माल ग्राहकाकडून परत येतो आणि दुसऱ्याचा येत नाही. जवळून बघितलं तर फरक एवढाच की जुना माणूस जॉब उतरवतो, हवेने साफ करतो, पत्र्यावर ठेवतो, पुढचा जॉब लावतो आणि मग आधीचा मोजतो. नवा मुलगा उतरवल्या उतरवल्या बोअर गेज घालतो.

पोलाद एका अंशाने तापलं की दर मीटरला साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. मशीनवरून उतरलेला जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर २५ मिलिमीटरला जवळपास ६ मायक्रॉनचा फरक पडतो. २१ मायक्रॉनच्या मुभेतला पाव भाग तिथेच संपला. गरम असताना २५.००३ दाखवणारा बोअर थंड झाल्यावर २४.९९७ वर येतो आणि ग्राहकाच्या टेबलावर 'गो' गेज (भोक लहान नाही ना हे तपासणारा दांडा) आत जात नाही. ॲल्युमिनियम असेल तर हा फरक जवळपास दुप्पट.

मजा अशी की जुन्या माणसाला विचारलं, "मामा, लगेच का मोजत नाही?" तर उत्तर येईल, "हात भाजतो ना." त्याला मायक्रॉनचं गणित ठाऊक असेलच असं नाही, सवय मात्र बरोबर आहे. प्रत्येक गाळ्यात अशा पाच-पंचवीस सवयी असतात आणि कोणीच त्या कोणाला शिकवलेल्या नसतात. त्या बाहेर काढणं हे या पायरीचं काम. "असं का करता?" हा प्रश्न मात्र उलटतपासणीच्या सुरात नको. वयाने मोठ्या कारागिराला चारचौघांत विचारलं तर तो "तसंच करतात" म्हणून विषय संपवेल. जेवणाच्या सुट्टीत विचारा.

तिसरी पायरी: एक पान, तीन रकाने

आता लिहायला बसा, पण एकटे बसू नका. ज्याची पद्धत चांगली आहे त्याला शेजारी घ्या, तो बोलेल तसं लिहा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांत नवी माणसं झटपट तयार करायची होती, तेव्हा कामाचे तुकडे पाडून लिहिण्याची एक साधी रीत वापरली गेली. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि तिथे चांगलीच रुजली. तिचे तीन रकाने आपल्याला पुरतात: काय करायचं, त्यातली खुबी काय, आणि ती का.

आपल्या बोअरचं पान साधारण असं होईल.

ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन चलनाशी जुळवणे. खुबी: नंबराबरोबर रिव्हिजनचं अक्षरही बघायचं. कारण: जुन्या रिव्हिजनवर केलेला अख्खा लॉट परत येतो.

जबडे पुसून जॉब बांधणे. खुबी: हवा मारल्यावर बोट फिरवून बघायचं. कारण: एक चिप अडकली तरी जॉब तिरका बसतो.

पहिला नग मोजणे. खुबी: उतरवून पत्र्यावर ठेवायचा, पुढचा नग उतरेपर्यंत मोजायचा नाही, आणि मोजलेलं माप दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजून सही करायची. कारण: गरम बोअर मोठा दिसतो.

दर विसाव्या नगाला प्लग गेज लावणे. खुबी: 'गो' स्वतःच्या वजनाने आत जायला हवा, दाबायचा नाही. कारण: दाबून गेलेला गेज खोटं बोलतो आणि झिजतोही.

इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) ठरलेल्या नगांनंतर फिरवणे. खुबी: आवाज बदलण्याची वाट बघायची नाही. कारण: आवाज बदलेपर्यंत फिनिश बिघडलेला असतो.

पाच ओळी झाल्या. दहाच्या वर गेलं तर ती दोन कामं आहेत, दोन पानं करा. आकडे तुमच्या जॉबप्रमाणे बदला. विसाव्या नगाऐवजी दहावा असेल, पण "अधूनमधून तपासावे" असं कधी लिहू नका. अधूनमधून म्हणजे प्रत्येकाचं वेगळं.

भाषा गाळ्यात बोलतात ती ठेवा. आपल्याकडे एका मशीनवर चिपळूणचा माणूस असतो, शेजारच्या मशीनवर जौनपूरचा. पान मराठीत आणि हिंदीत असलं की देवनागरी दोघंही वाचतात. जिथे शब्द कमी पडतात तिथे फोटो लावा: बरोबर बांधलेला जॉब आणि चुकीचा बांधलेला जॉब, शेजारी शेजारी. पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून मशीनवर लावा, कारण कूलंटचे शिंतोडे उडणारच. खाली ज्याने सांगितलं त्याचं नाव आणि तारीख टाका. नावामुळे काय होतं ते पहिल्याच दिवशी दिसेल. ज्याचं नाव आहे तो माणूस त्या पानावर पहारा देतो.

चौथी पायरी: शिकवणं, आणि गणपतीचा तक्ता

पान लावलं म्हणजे माणूस शिकला असं होत नाही. शिकवण्याचा क्रम असा ठेवा. आधी समोरच्याला किती येतं ते विचारा. मग एकदा नुसतं करून दाखवा, दुसऱ्यांदा खुबी सांगत दाखवा, तिसऱ्यांदा कारणं सांगत. त्यानंतर त्याच्या हातात द्या आणि त्यालाच बोलायला सांगा: काय करतोय, कशाला जपतोय, का. तो कारण सांगू शकला तर शिकला. नुसता हात चालवून दाखवला तर अजून नाही. पहिले काही दिवस शिकवणाऱ्याने फेरी मारायची, नंतर फेऱ्या कमी करायच्या.

आता भिंतीवर एक तक्ता करा. उभ्या ओळीत माणसांची नावं, आडव्या ओळीत कामं. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक खूण: येत नाही, शिकतोय, एकट्याने करतो, शिकवू शकतो. तक्ता पूर्ण झाला की ज्या कामाखाली "एकट्याने करतो" अशी एकच खूण आहे, त्या कामाभोवती लाल वर्तुळ काढा. गणपतीत गाळा कुठे अडणार ते तुम्हाला जूनमध्येच दिसेल.

ही वर्तुळं पुसायला आषाढ-श्रावणाचे दिवस वापरा. रजांची यादीही याच तक्त्यासमोर उभं राहून करा, सगळ्यांनी मिळून. कोकणातल्यांना भाद्रपदात, पूर्वेकडच्यांना होळी-छठला, हा समजूतदारपणा माणसं आपसात सहज दाखवतात. मालकाने वरून ठरवलं की मात्र तेच भांडण होतं.

हाताखाली नवी मुलं हवी असतील तर आयटीआयचे शिकाऊ उमेदवार घेता येतात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, ३० पासून बंधनकारक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. मात्र त्या मुलाला वर्षभर झाडू आणि चहात गुंतवलंत तर तक्त्यात त्याची खूण पुढे सरकणार नाही, आणि तो शेजारच्या गाळ्यात जाईल.

पाचवी पायरी: पाळी सुरू होताना दहा मिनिटं

उभ्यानेच, फळ्यासमोर. खुर्च्या आल्या की बैठक होते आणि बैठक लांबते. तीन गोष्टी बोलायच्या: काल काय अडलं, आज कोणता माल जायचा आहे, आज कशाची कमतरता पडू शकते. अडलेली प्रत्येक गोष्ट फळ्यावर लिहायची, पुढे कोण बघणार आणि कधीपर्यंत. बोलणं चालवायची पाळी दर आठवड्याला बदला. हेल्परलाही मिळू द्या. मालकाने शेवटी बोलायचं. तो आधी बोलला की बाकीचे मान हलवतात आणि कामाला लागतात.

सूचनापेटी लावू नका. कुलूप लावलेली पेटी, आत दोन बस तिकिटं आणि एक गुटख्याची पुडी, हेच तिचं भवितव्य असतं. सूचना तोंडी येऊ द्या आणि फळ्यावर लिहा. खरी कसोटी पुढे आहे. फळ्यावर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला आठवड्याच्या आत उत्तर मिळालं पाहिजे, "नाही, कारण अमुक" असं असलं तरी चालेल. पहिल्या महिन्यात येणाऱ्या सूचना कामाबद्दल नसतातच. पंखा बंद आहे, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बदला, संडासाची कडी तुटली आहे. मालकाला वाटतं, यांना सुधारणेत रस नाही. उलट आहे. ते तपासून बघत असतात की या फळ्यावर लिहिल्याने खरंच काही होतं का. कडी दोन दिवसांत बसवा, तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी सांगेल की बोअरिंग बार (भोक कापणाऱ्या टूलचा दांडा) थोडा आखूड घेतला तर खुणा पडणार नाहीत.

बक्षीस द्यायचं तर एकट्याला देऊ नका. बाद माल कमी झाल्याने वाचलेल्या पैशाचा एक ठरलेला हिस्सा सगळ्यांत वाटा, हेल्परसकट. हिशेब भिंतीवर लावा. हिस्सा लहान असला तरी चालतो, हिशेब झाकलेला चालत नाही.

सहावी पायरी: मालकाचा नियम

हे सगळं जिथे मोडतं ती जागा ही. मशीनवर दोनशे नगांचा लॉट चालू आहे, साठ झाले आहेत. मालकाला फोन येतो, मोठ्या पार्टीला पंधरा नग संध्याकाळपर्यंत हवेत. "तो जॉब उतरव, हा लाव." ऑपरेटर म्हणतो, "शेठ, हा परत लावायला दीड तास जाईल." शेठ म्हणतो, "बघू नंतर."

तातडीच्या जॉबची सेटिंग कधीतरी करावीच लागली असती, ती सोडून द्या. जास्तीचा खर्च म्हणजे उतरवलेला जॉब पुन्हा बांधण्याचा दीड तास, त्याचा पुन्हा करावा लागणारा पहिला नग, आणि ऑफसेटमध्ये चूक होण्याची नवी संधी. मशीनचा तास समजा ५०० रुपयांचा धरला तर वेळेचेच ७५० रुपये गेले. पंधरा नगांचा भाव काढताना हे ७५० कोणी धरत नाही. आणि पैशापेक्षा महाग गोष्ट वेगळीच आहे: ज्या दिवशी मालक फळ्यावरचा क्रम पुसतो, त्या दिवसापासून मशीनवरचं पानही पुसलं गेलं असं माणसं धरून चालतात.

जॉबवर्कच्या धंद्यात तातडी टाळता येत नाही, मान्य. म्हणून तिला नियम लावा. दिवसातून एका मशीनची ठरावीक वेळ, समजा दुपारी जेवणानंतरचे दोन तास, तातडीसाठी मोकळी ठेवा. त्यापलीकडे काही घुसवायचं असेल तर मालकाने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचं: कोणाचा जॉब, कोणता उतरवला, किती तास गेले. महिन्याने तो रकाना वाचा. एखाददुसरा ग्राहकच सगळी तातडी आणतो आणि बिल मात्र सगळ्यात उशिरा देतो, हे चित्र निघालं तर आश्चर्य वाटू नये. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, हेही त्या ग्राहकाला आठवण करून देण्यासारखं.

थोडक्यात, पण विसरू नये असं

जागेची मांडणी: नको ते काढणं, उरलेलं जागेवर ठेवणं, साफसफाई. जपानी पाच 'एस'चे तक्ते सगळ्यांनी पाहिलेत. गेज आणि अॅलन कींच्या बाह्यरेषा फळीवर रंगवा म्हणजे काय गायब आहे ते लांबून दिसतं. एवढ्यावर थांबा. रंगरंगोटीत महिना घालवणारे गाळे पाहिलेत, बाद माल तेवढाच राहतो.

पावसाळा मात्र पानात लिहायलाच हवा. आपला पट्टा खाडीच्या काठाला आहे, जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि घासलेल्या पोलादावर घामाच्या बोटांचे ठसे लवकर गंजतात. मोजून झालेला माल त्याच पाळीत गंजरोधक तेलात बुडवून बांधायचा, हातमोजे घालून, अशी एक ओळ त्या चार महिन्यांसाठी जोडा.

मोजायचे आकडे तीनच: दर हजार नगांमागे बाद किती, ठरल्या तारखेला गेलेली चलनं किती, पुन्हा केलेल्या कामात गेलेले तास किती. आलेख हाताने काढा, काढायचं काम ऑपरेटरकडे द्या.

गाळा नसून नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र असेल तरी क्रम बदलत नाही. वहीत "भाजी खारट", "पोळी कडक", "डबा उशिरा" येईल. पानावर मिठाचा चमचा कोणता, गोळ्याचं वजन किती ग्रॅम, आणि शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळू द्यायचं नाही, कारण त्या तापमानात जंतू वेगाने वाढतात, हे येईल. पान मावशींच्या सांगण्यावरून लिहायचं, मालकाच्या नाही.

पान बदलणं

तीन महिन्यांनी पानात काहीच खाडाखोड नसेल तर ते कोणी वाचत नाही असं समजा. कोणीही बदल सुचवावा, दहा-वीस नगांवर करून बघावा, मापं लिहावीत, जमलं तर नवं पान नव्या तारखेने लावावं. जुनं पान फाडून टाका. एका जॉबची दोन पानं गाळ्यात असणं हे एकही नसण्यापेक्षा वाईट.

पहिला जॉब सुधारला की वहीतला दुसरा घ्या. असे पाच-सहा जॉब झाले की झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राचा विचार करायला हरकत नाही. केंद्राच्या या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे आहेत, आणि प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुंना ६० आणि मध्यमांना ५० टक्के अनुदान आहे. तोवर तपासनिसाला दाखवायला वेगळी फाइल करावी लागणार नाही. वही, पानं, तक्ता आणि फळ्याचे फोटो तुमच्याकडे असतीलच.

मोठी ऑर्डर येईल तेव्हा पहिला बळी दहा मिनिटांच्या उभ्या बोलण्याचा जाईल आणि दुसरा दर विसाव्या नगाच्या तपासणीचा. त्या आठवड्यात बोलणं पाच मिनिटांवर आणा, बंद करू नका. तपासणी मात्र विसाव्यावरून दहाव्यावर आणा, कारण घाईत इन्सर्ट लवकर झिजतात आणि माणसंही दमतात.